डाव्या पुडीवरची कणीक

पहाटे फोन वाजला. पलीकडे माझ्या मित्राचा मुलगा होता. "काका, बाबा गेले," एवढं म्हणून तो थांबला. मलाही काही बोलता येईना. मग त्यानेच हळू आवाजात विचारलं, "मंडळी म्हणते, पुढे भजन धरायचं. पण मृदंग कोण वाजवील, काका?"

खकनारात चाळीस वर्षं हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. एकादशीचं भजन असो, हरिनाम सप्ताह असो, दिंडीचं प्रस्थान असो की गावातून निघालेली कोणाची शेवटची वाट असो, मृदंग माझ्या त्या मित्राच्याच गळ्यात असायचा. माझ्या वडिलांना नेलं तेव्हा तो पुढे वाजवत चालला होता. मी मागे मडकं धरलेलं, डोळ्यांपुढे धुरकट झालेलं, रस्ता दिसत नव्हता. त्याच्या थापेवर पावलं टाकत गेलो आणि पोचलो. आता तोच तिरडीवर होता, आणि त्याचा मुलगा मला विचारत होता की वाजवणार कोण.

मी उत्तर दिलं नाही. निघतो, एवढंच म्हणालो.

अकोल्याहून खकनार म्हणजे मधे एक सातपुडा. पक्ष्याला अर्धा दिवस पुरेल. मला मात्र आधी भुसावळ, मग गाडी फिरवून बऱ्हाणपूर, आणि तिथून पुढे जीप असा उलटा वळसा. पूर्वी असं नव्हतं. तुकईथडच्या स्टेशनावर छोटी गाडी थांबायची. खंडव्याहून निघून मेळघाटच्या जंगलातून अकोटला आणि अकोल्याला उतरणारी मीटरगेजची गाडी. मी नोकरीला त्याच गाडीने गेलो. तो स्टेशनापर्यंत सायकलवर माझी ट्रंक घेऊन आला होता. 2017च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली. रूळ रुंद करायचे होते, पण वाघांच्या रानातून मोठी गाडी न्यायची नाही यावर वर्षानुवर्षं खल चालला. शेवटी मेळघाट टाळून जामोदच्या बाजूने नवी आखणी पुढे आली, आणि तिच्यात आमच्या खकनारचं नाव होतं. ते कळलं त्या दिवशी त्याचा फोन आला. इतका खूश मी त्याला क्वचित ऐकला होता. "गाडी आता गावातच येईल," तो म्हणाला. "मंग तुले काही बहाणा राहणार नाही."

बहाणे माझ्यापाशी पुष्कळ होते. पोरांच्या परीक्षा, घराचं बांधकाम, पाठीचं दुखणं. तो कधी रागावला नाही. आमच्याकडे चांगदेवाची गोष्ट लहान पोरांनाही ठाऊक असते. चौदाशे वर्षं जगलेल्या त्या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं, पण मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून त्याने कोराच कागद पाठवला. तो कागद हातात घेऊन मुक्ताई म्हणाली, इतकं जगून कोरेच राहिलात. उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहून धाडल्या. मी पत्र पाठवत नाही म्हणून तो एकदा म्हणाला होता, "लिहायला काही नसलं तर कोरा कागद पाठव. मी समजून घेईन." मी तोही पाठवला नाही.

बऱ्हाणपूरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. या शहराला बाहेरचे लोक ओळखतात ते बहुतेक परक्यांच्या मरणांमुळे. 1631 साली मुमताज महल इथेच बाळंतपणात गेली, आणि तापीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्यात सहा महिने तिला ठेवलं होतं. ताज उभा राहायचा होता, मग तिला आग्र्याला नेलं. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग 1667मध्ये इथेच गेले. त्यांची छत्री तापीकाठी उभी आहे, घरापासून कितीतरी दूर. लहानपणी शाळेची सहल या दोन्ही ठिकाणी गेली होती. छत्रीच्या दगडी खांबावर बोटांनी वाजवून पाहत तो म्हणाला होता, "हा दगड चांगला बोलतो." गुरुजींनी त्याचा कान धरला होता. एवढ्या वर्षांनी जीपमध्ये बसताना मला जयसिंग आठवला नाही. कान धरलेला, तरी दगडावर बोटं चालूच ठेवलेला तो आठवला.

फाल्गुनाची द्वितीया होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे मळे, मधूनच कापणी झालेल्या बागा, आणि डोंगराच्या पायथ्याशी पळस पेटलेला. अमरावतीच्या वाटेवरचं हे गाव. पूर्वी गाड्या इथे चहाला थांबत आणि पुढे देडतलाई, धारणी करत मेळघाटात शिरत. माझे वडील सांगायचे, 1956च्या नोव्हेंबरपर्यंत खकनार आणि अकोला एकाच राज्यात होती, राजधानी नागपूर. मग रेघ ओढली गेली. अकोला तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. भाषा मात्र दोन्हीकडे तीच राहिली. आम्ही घरात मराठी बोलायचो, तहसिलीत हिंदी, आणि आठवडी बाजारात कोरकू कानावर पडायची. तिन्ही आम्हाला सारख्याच जवळच्या. त्या दिवशी दारात उभा असलेला कोणी "आला का भाऊ" म्हणाला, कोणी "आ गए भैया" म्हणाला, आणि एकाने नुसता हात धरला.

हात धरणारा आमचा कोरकू मित्र होता.

त्याच्याविषयी आधी सांगतो, कारण तो सगळ्यांत आधी आला होता, रात्रीच, अंधारात पाड्यावरून पायी. तरुणपणी आमच्या भजनात त्याची बासरी असायची. अभंग त्याला पाठ नव्हते, पण चाल एकदा ऐकली की त्याच्या बोटांत उतरायची. मृदंग आणि बासरी या दोघांचं एक वेगळंच बोलणं चालायचं. आम्ही गाणारे मधे नुसते शब्द. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याची बासरी थांबली होती. खांद्यावरचं उपरणं चाचपत तो म्हणाला, "आणली आहे. पण फुंकर राहिली नाही."

वीणेकरी ओट्यावर बसला होता. त्याची केळीची बाग गावात नावाजलेली, घड बऱ्हाणपूरच्या मंडीत जातात, पण कान गेले आहेत. त्याच्या मुलाने त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून माझं नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ थरथरले. त्याला ऐकू येत नाही म्हणून मी काही बोललो नाही, आणि मी काही बोलत नाही म्हणून तोही गप्प बसला. आम्ही दोघं शेजारी बसून समोरच्या तिरडीकडे पाहत राहिलो.

नेपानगरवाला दुपारी आला. कागद कारखान्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना तो. 1956च्या एप्रिलात पंडित नेहरू स्वतः येऊन तो राष्ट्राला अर्पण करून गेले, आणि आमच्याच सातपुड्यातला बांबू आणि सालई शिजवून त्यावर देशाच्या बातम्या छापल्या गेल्या. आमच्या भजनाच्या वह्या त्याच्याच कागदाच्या. कुठून कुठून तुकडे, कातरण गोळा करायचा, गेलेला मित्र ते एकसारखे कापायचा आणि त्याची बायको, आमची वहिनी, दाभणाने शिवून द्यायची. पिवळट, खरखरीत कागद, शाई थोडी पसरायची. माझ्याकडे त्यातली एक वही अजून आहे. बोट फिरवलं की सालईच्या लाकडाचे तंतू लागतात.

सुरतवाला शेवटी आला, संध्याकाळी चारच्या सुमारास, गेलेल्या मित्राच्या लेकीला बरोबर घेऊन. त्याची धाकटी लेक सुरतेला दिलेली. यंत्रमागावर आयुष्य घालवलेला आमचा मित्र तिथे तिचा मामाच झाला होता. त्या दोघांसाठीच दुपार टळेपर्यंत प्रेत ठेवलं होतं. मुलगी गाडीतून उतरली आणि बापाच्या पायाशी बसली. आवाज नाही, हुंदका नाही. बसून तिने त्याच्या उजव्या हाताची बोटं आपल्या हातात घेतली. मृदंगाच्या शाईच्या पुडीवर आयुष्यभर पडलेली ती बोटं. टोकं सपाट झालेली, नखांच्या कडा झिजलेल्या. तिने ती एकेक करून दाबून पाहिली. तिथे असलेल्या सगळ्यांनी मान फिरवली.

आम्ही सहा जण होतो. आता पाच, आणि तो मधे आडवा. असं सहा जणांनी एकत्र यायचं म्हणून किती वर्षं ठरत होतं. दर आषाढीच्या आधी त्याचा फोन यायचा: मुक्ताईच्या पालखीबरोबर या, निदान मुक्ताईनगरपर्यंत या, तेही नाही तर महाशिवरात्रीला कोथळी-चांगदेवच्या यात्रेला एक दिवस या. तो स्वतः दरवर्षी जायचा. मुक्ताईची पालखी पंढरीच्या सगळ्या पालख्यांत फार लांबचा पल्ला चालते, महिन्याहून जास्त दिवस. त्या वाटेवर तो गळ्यात मृदंग घेऊन चालायचा. आम्ही त्याला फोनवर विचारायचो, कुठपर्यंत पोचलात? तो ज्या गावांची नावं सांगायचा ती आम्हाला ऐकूनच बरं वाटायचं, जणू थोडं आम्हीही चाललो. आज कळतं की ती चाल त्याच्या पायांची होती, आमची नव्हती.

तिरडी उचलायच्या वेळी भजनाचा प्रश्न पुन्हा आला. गावात मृदंग वाजवणारा दुसरा नाही असं नाही. एक तरुण पोरगा त्याच्याकडे शिकत होता. चांगला हात आहे म्हणतात. पण त्याने दोन्ही हात जोडले. "काका, मले नाही जमणार. गुरुजी समोर असताना मी आजवर उभं राहून वाजवलं नाही." त्याचं बरोबर होतं. मृदंग घरात खुंटीवर गवसणीत तसाच राहिला, आणि आम्ही नुसते टाळ घेतले.

मी टाळकरी. आणि टाळकरी म्हणून माझा दोष गावाला माहीत होता: मी घाई करतो. अभंग रंगात आला की माझे टाळ पुढे धावतात. त्याची थाप तेव्हा जरा जड व्हायची, डाव्या हाताचा दाब वाढायचा, नुसत्या त्या घुमाऱ्याने मी ओढला जायचो आणि परत जागेवर यायचो. त्याने मला कधी डोळे वटारले नाहीत. शिकवलं मात्र होतं, आणि तेही गाडीत. अकोटला सप्ताहाला जायचं म्हणून आम्ही सहाही जण तुकईथडला छोट्या गाडीत बसलो होतो. रुळांच्या सांध्यांवर चाकं वाजत होती, आणि तो लाकडी बाकावर त्या आवाजात भजनी ठेका मिसळत होता. धुळघाटला गाडी डोंगराला वळसा घालते, फिरत फिरत आपलेच रूळ ओलांडते. खिडकीतून पाहिलं की थोड्या वेळापूर्वी जिथून आलो ती वाट वेगळ्याच उंचीवर दिसते. तिथे गाडी हळू झाली. चाकांचे ठोके लांब लांब पडू लागले. तो त्यांच्याबरोबर हळू झाला. माझे टाळ मात्र आधीच्याच वेगात. "ऐक," तो म्हणाला. "गाडी घाई करत नाही. तिले माहीत आहे कुठं जायचं. तू काऊन पळतो?" मग त्याने माझा डावा हात धरून बाकावर आपटला, एकदा, दोनदा, चाकाबरोबर. तो वळसा संपेपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही.

त्या दिवशी त्याच्यापुढे चालताना माझ्या हातात टाळ होते आणि मला आवरणारं कोणी नव्हतं.

सुरुवात बरी झाली. रामकृष्णहरीचा गजर, मग ज्ञानोबा-तुकाराम. वीणेकरी बहिरा असला तरी वीणा गळ्यात घालून सर्वांत पुढे होता. त्याला आमचं गाणं ऐकू येत नव्हतं आणि तो त्याच्या आठवणीतलं गात होता. गावातले लोक दारं लावून ओट्यावर उभे होते. मशिदीशेजारच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं आणि डोक्यावर रुमाल घेतला. विसाव्यापर्यंत आलो. तिरडी खाली ठेवली, खांदेकरी बदलले, मुलाने खडा उचलला. पुन्हा निघालो, आणि माझ्या लक्षात आलं की आपण पळतो आहोत. टाळ चढले होते. माझ्यामागचे टाळ माझ्याबरोबर चढले होते. खांदेकऱ्यांची पावलं भरभर पडत होती. तिरडी हिंदकळली. मी लय ओढायचा प्रयत्न केला, पण वीस जोड टाळ एकदा सुटले की एका माणसाला थांबवता येत नाहीत. नाल्याच्या उतारावर तर आम्ही जवळजवळ धावत गेलो. स्मशानात पोचलो तेव्हा सगळ्यांना धाप लागली होती. लाकडं अजून पुरती रचून झालेली नव्हती.

मी शरण गेल्यासारखा उभा राहिलो. ज्याने मला आयुष्यभर सबुरी शिकवली त्याला मी त्याच्या शेवटच्या वाटेवर घाईने पोचवलं होतं.

नेपानगरवाला माझ्याजवळ आला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. "लय नाही राहिली," तो म्हणाला. मी मान हलवली. "तुझीच नाही," तो म्हणाला, "कोणाचीच राहिली नाही. आपण सगळे त्याच्यावर गात होतो. एकमेकांचं कधी ऐकलंच नाही." मी त्याच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं एका सतरंजीवर बसून गायलो आणि मला वाटायचं आम्ही एकत्र गातो. पाचही जणांनी त्याच्या हाताकडे कान लावले होते, आणि त्यामुळे आमचे आवाज एक झाल्यासारखे वाटायचे. गाव सोडलं तेव्हाही तेच. मी अकोल्याला, सुरतवाला सुरतेला, हा नेपानगरात. आम्ही एकमेकांना फोन करत नव्हतो. त्याला करायचो. त्याच्याकडून मला कळायचं सुरतवाल्याच्या नातवाचं बारसं झालं, आणि सुरतवाल्याला कळायचं की माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं.

अग्नी दिला. लाकडं सुकी होती, लवकर पेटली. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लोक तिथेच खाली बसले, शोकसभा झाली. सरपंच बोलले, शाळेचे मास्तर बोलले, शेजारच्या गावच्या भजनी मंडळाचे एक गृहस्थ बोलले. सगळ्यांनी चांगलं सांगितलं. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, आणि धुळघाटच्या वळशाची गोष्ट सांगायची म्हणून तोंड उघडलं, पण एवढंच निघालं: "मी आज त्याला घाईत आणलं." लोकांना ते काय कळलं असेल कोण जाणे. दोन मिनिटं मौन पाळून सगळे उठले.

कोरकू मित्र परतताना माझ्याबरोबर चालला. त्यांच्याकडे माणसाला पुरतात, आणि मग केव्हातरी, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, धान्य आणि पैसा गोळा झाला की सिडोली करतात. सागाच्या लाकडाचा खांब कोरतात, त्यावर सूर्य असतो, चंद्र असतो, घोड्यावर बसलेला माणूस असतो, आणि तो खांब पूर्वजांच्या खांबांशेजारी नेऊन रोवतात. तोवर गेलेला माणूस तसा पुरता गेलेला नसतो, घराभोवतीच असतो. त्याच्या आईची सिडोली तिच्यामागे कितीतरी वर्षांनी झाली आणि तो म्हणतो त्या वर्षांत घरात तिचा वावर होता. "तुमचं तेरा दिवसांत होतं," तो म्हणाला. "लवकर होतं." त्यात टीका नव्हती. आमच्यासाठी वाटलेली कणव होती. मी त्याला काय सांगणार? आम्ही तर तिरडीसुद्धा पळवत नेली.

त्या रात्री चूल पेटायची नव्हती. शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी आली. आम्ही पाचही जण ओसरीत बसलो. भिंतीच्या खुंटीवर मृदंग टांगलेला, मेणकापडाच्या गवसणीत. सुरतवाल्याने तो उतरवला. कोणी काही म्हणालं नाही. गवसणीची गाठ सोडली आणि आम्ही पाहिलं, डाव्या पुडीवर कणीक तशीच होती.

ज्यांना मृदंगाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या पुडीवर कायमची काळी शाई असते. डाव्या पुडीवर मात्र दरवेळी वाजवायच्या आधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. त्यानेच तो घुमारा येतो, छातीत उतरणारा. किती घ्यायची, किती घट्ट, मधे किती जाड आणि कडेला किती पातळ, हे वाजवणाऱ्याचं बोट ठरवतं. थंडीत वेगळी, पावसात वेगळी. वाजवून झालं की लगेच काढायची, नाही तर वाळून चामडं ओढते. तो हे कधी चुकला नाही. भजन संपून आरती होत असतानाच तो एका बाजूला बसून नखाने कणीक सोडवायचा, तिचा गोळा करायचा आणि बाहेर गाईला घालायचा. आरतीचा प्रसाद आम्हाला, कणकेचा गाईला.

आता ती वाळून पांढरी पडली होती. मधोमध भेग. काठावर त्याच्या तळहाताची ठसठशीत रेघ, अंगठ्याच्या मुळाचा दाब.

वहिनी दारात येऊन उभी होती. "विजया एकादशीची आहे ती," ती म्हणाली. "त्या रात्री लय थकले होते. म्हणाले, उद्या काढतो. मंग शिवरात्रीले चांगदेवले जायचं होतं, तेही नाही गेले. मीच काढायचं म्हणत होते, पण त्यांच्या वस्तूले मी हात लावत नाही."

कोणी ती कणीक काढली नाही. सुरतवाल्याने गवसणी पुन्हा चढवली आणि मृदंग खुंटीला लावला. दिव्याजवळ रात्रभर आम्ही आळीपाळीने बसलो. मधेच कोरकू मित्राने बासरी ओठांना लावली. खरोखरच फुंकर राहिली नव्हती, नुसती हवा निघाली, लाकडातून वारा गेल्यासारखी. त्याने ती परत उपरण्यात गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि अस्थी चांगदेवला नेल्या. बऱ्हाणपूरच्या राजघाटावर नेल्या असत्या तर सोपं होतं, पण शिवरात्रीला जायचं राहिलं होतं ना, मुलगा म्हणाला, तर तिथेच. तापी आणि पूर्णा तिथे भेटतात. हतनूर धरणाचं पाणी मागे सरकत तिथवर आलेलं आहे, संगम रुंद आणि संथ दिसतो. लोक मानतात की तापीच्या पाण्यात हाडं विरघळतात. ती सूर्याची मुलगी, म्हणजे यमाची बहीण, तिच्या ओटीत घातलं की भाऊ पुन्हा मागत नाही. मुलताईहून निघून सातशेहून जास्त किलोमीटर चालून ती सुरतेशी समुद्राला मिळते. सुरतवाला पाण्यात उभा होता. ओंजळ सोडल्यावर तो लेकीला म्हणाला, "चल, हे आपल्याआधी घरी पोचतील." मुलगी तेव्हा रडली, पहिल्यांदा.

मी अकोल्याला परत आलो, आणि फोनमध्ये इतके दिवस नसलेले नंबर घालून घेतले. नेपानगरवाल्याला रोज फोन करू लागलो. बोलायला दोघांकडेही फार नसतं. तो विचारतो, जेवलास का? मी विचारतो, ऊन किती आहे? मग थोडा वेळ दोघंही गप्प राहतो, पण फोन ठेवत नाही. दहाव्याला आमलकी एकादशी होती. पिंडाला कावळा लवकर शिवला म्हणून मुलाने कळवलं. काही मनात राहिलं नव्हतं, असं लोक म्हणाले. मी त्यावर विचार केला नाही. त्याच्या मनात काय राहिलं होतं ते मला माहीत होतं, गावातल्या स्टेशनावर उतरणारा मी.

तेराव्याला गंधमुक्ती. पत्रिका मराठीतून आणि पाठीमागे हिंदीतून छापलेली. होळी तोंडावर आलेली, चौकाचौकांत एरंडाची फांदी रोवून लाकडं गोळा होत होती. यावेळी आम्ही बाहेरचे ठरवून आदल्या रात्रीच आलो. रात्री अंगणात भजन व्हायचं होतं. शिष्य पोरगा आता तयार झाला होता, त्याची समजूत वीणेकऱ्याने घातली म्हणे, कशी घातली ते त्या दोघांनाच ठाऊक. पोराने मृदंग मांडीवर घेतला. गवसणी काढली. जुनी कणीक त्याने आधी ओल्या फडक्याने भिजवली, बराच वेळ फडकं तसंच धरून बसला, मग बोटांनी हळूहळू सोडवली. तुकडे खाली पडू दिले नाहीत. ते त्याने पानावर घेतले आणि मुलाच्या हातात दिले. मुलगा उठून गोठ्याकडे गेला.

मग पोराने हातोडी घेतली, वादीखालचे गठ्ठे ठोकून उजवी पुडी लावली. सूर मिळाला. आता डावीला कणीक हवी.

वहिनी आत पिठाच्या डब्याशी बसली होती. परातीत पीठ घेतलेलं, शेजारी पाण्याचा तांब्या. तिने आम्हा पाचांकडे पाहिलं आणि विचारलं, "किती मळू?"

इतकी वर्षं दर एकादशीला तो स्वतः आत जायचा आणि डब्यातून पीठ घ्यायचा. किती घ्यायचा ते तिने कधी पाहिलं नव्हतं. आम्ही तर नाहीच. वीणेकऱ्याला प्रश्न ऐकू आला नाही. नेपानगरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी सुरतवाल्याकडे. कोरकू मित्र ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने डावा तळहात पुढे केला, बोटं वळवली, वाटी केली, आणि पुन्हा थोडी मिटली.

वहिनीने त्या हाताकडे बघून मूठभर पीठ घेतलं. थोडं परत डब्यात टाकलं. मग पाणी घालून मळायला लागली.